स्मिता पाटीलचे सिनेमे कोकणात दाखवायचे तर

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

१७ ऑक्टोबर हा स्मिता पाटीलचा जन्मदिवस आणि १३ डिसेंबर हा स्मृतिदिन. या तारखा जवळ आल्या की तिच्या आवडत्या चित्रपटांच्या याद्या वर्तमानपत्रांतून आणि मोबाइलवरून फिरू लागतात. त्यांत ‘मंथन’, ‘अर्थ’, ‘मिर्च मसाला’ असतात आणि ते असायलाच हवेत. पण एक गोष्ट या याद्यांत ठळकपणे येत नाही. अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार तिला दोनदा मिळाला, ‘भूमिका’साठी आणि ‘चक्र’साठी, आणि या दोन्ही चित्रपटांची मुळे कोकणात आहेत. ‘भूमिका’ला आधार आहे जुन्या काळच्या नटी हंसा वाडकर यांच्या आत्मकथनाचा, त्या मूळच्या सावंतवाडीकडच्या. ‘चक्र’ ही जयवंत दळवींची कादंबरी आणि दळवी वेतोबाच्या आरवलीचे. ‘कोंडुरा’ चिं. त्र्यं. खानोलकरांचा, म्हणजे वेंगुर्ल्याजवळच्या बागलांच्या राईतला. ‘जैत रे जैत’ तर घडतोच रायगड जिल्ह्यात, कर्नाळ्याच्या पायथ्याशी.

आपल्याकडच्या एखाद्या वाचनालयाने, महाविद्यालयाने किंवा नाट्यमंडळाने तिचे सिनेमे दाखवायचे ठरवले तर सुरुवात इथून करावी, असे आमचे ठाम मत आहे. ते कसे दाखवावेत हेही जरा तपशिलाने लिहायचे आहे, कारण चांगला सिनेमा वाईट तऱ्हेने दाखवला की लोक दोष सिनेमालाच देतात.

पहिला मान ‘भूमिका’चा. श्याम बेनेगल, १९७७. तेव्हा स्मिताचे वय एकवीस-बावीस. एवढ्या वयात तिने उषा या नायिकेचे किशोरवयापासून थकलेल्या नटीपर्यंतचे आयुष्य उभे केले आहे. यातली खरी करामत पाहायची तर स्टुडिओतले प्रसंग आणि घरातले प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. चित्रपटातल्या चित्रपटात नाचताना, संवाद म्हणताना ती त्या काळच्या नट्यांसारखी मोठ्या हातवाऱ्यांनी, डोळे नाचवत काम करते. दिवे बंद झाले की तीच बाई खालच्या आवाजात, अर्धी वाक्ये टाकत बोलते. एकाच चित्रपटात दोन जातींचा अभिनय, आणि दोन्हींमागे माणूस एकच आहे हे एकदाही विसरायला होत नाही. अमरीश पुरींच्या काळे या जमीनदाराच्या वाड्यातला भाग तर मान खाली न घालता पाहावा असा. अंथरुणाला खिळलेली पहिली बायको, सासू, मुलगा, भरलेले घर. उषाला वाटते, आता स्थिरावलो. मुलाला घेऊन जत्रेला जायचे म्हणते, तेव्हा तिला कळते की या घरातल्या बाईने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचे नसते. त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर आधी राग येत नाही, आधी येतो अविश्वास. राग त्यानंतर चढतो. हा क्रम चुकला असता तर प्रसंग नाटकी झाला असता.

एक सूचना. ‘भूमिका’त बालपणीचा भाग कृष्णधवल आहे. कॅमेरा गोविंद निहलानींचा, रंग मुद्दाम काढलेला. प्रेक्षकांत “रंग गेला, रंग गेला” अशी कुजबुज सुरू होते आणि प्रोजेक्टरवाला उगाच सेटिंग बदलायला धावतो. सुरुवातीलाच एका वाक्यात सांगून ठेवावे.

‘जैत रे जैत’ची गत निराळी. ‘जांभूळपिकल्या झाडाखाली’ आणि ‘नभ उतरू आलं’ घराघरात ठाऊक, आणि चित्रपट पुरता पाहिलेले लोक थोडे. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत, साल १९७७. मोहन आगाशेंचा नाग्या ढोल वाजवणारा, आणि स्मिताची चिंधी आपल्या मर्जीने नवरा सोडून त्याच्याकडे येणारी ठाकरीण. या चित्रपटात गाणी मधून मधून टाकलेली नाहीत, गोष्टच गाण्यांतून पुढे सरकते. म्हणून गाणी छाटलेली प्रत दाखवली तर नाग्याचा आणि चिंधीचा काळ पुढे कसा गेला ते कळतच नाही. ज्याला कर्नाळ्याचा सुळका ठाऊक आहे त्याला हा चित्रपट अधिक भिडेल. मुंबई-गोवा महामार्गाने पनवेल सोडले की अंगठ्यासारखा वर आलेला तो कडा प्रत्येक कोकणवासीयाने गाडीच्या खिडकीतून पाहिलेला आहे. आग्या मोहोळे तिथे आजही लागतात आणि किल्ल्यावर जाणाऱ्यांना माश्या आजही फोडून काढतात. नाग्याचे वैर कशाशी आहे, हे इथल्या प्रेक्षकाला समजावून सांगावे लागत नाही.

‘चक्र’ जड आहे, हे आधीच कबूल करावे. रवींद्र धर्मराज यांचा हा चित्रपट १९८१चा. मुंबईच्या झोपडपट्टीतली अम्मा, तिचा वयात येणारा मुलगा बेनवा, नसिरुद्दीन शाहचा लुका, कुलभूषण खरबंदाचा ट्रक चालवणारा अण्णा. स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नोच्या महोत्सवात त्याला सुवर्ण बिबळ्या हा तिथला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. आपल्याकडे मात्र बरीच वर्षे चर्चा राहिली ती जाहिरातीसाठी वापरलेल्या आंघोळीच्या दृश्याची. तो वापर स्मितालाही खटकला होता. प्रत्यक्ष चित्रपटात ते दृश्य उघड्यावर राहणाऱ्या बाईच्या रोजच्या कामांपैकी एक म्हणून येते आणि जाते. तुमच्या फलकावर ते चित्र टाकू नका, एवढी विनंती. दळवींची कादंबरी वाचनालयातून आधी काढून चार जणांनी वाचली तर चर्चेला अंग येते. कादंबरीतली दळवींची तिरकी नजर चित्रपटात फारशी उतरलेली नाही. ती जागा स्मिताच्या शरीराच्या भाषेने भरून काढली आहे. अम्मा उकिडवी बसते, भांडी ओढते, पदराने घाम पुसते, त्यात नटी कुठेही डोकावत नाही.

‘कोंडुरा’ (१९७८) सर्वांत कच्चा, तरीही दाखवावा. बेनेगलांनी तो हिंदीत आणि तेलुगूत केला आणि गोष्ट आंध्रात नेली. वेंगुर्ल्याजवळ कोंडुऱ्याचा किनारा आणि खडकातली घळ पाहिलेल्या माणसाला तिथला समुद्र परका वाटतो. स्मिताची पार्वतीही मोजक्याच प्रसंगांत आहे. पण अनंत नागच्या डोक्यातले देवीचे वेड आणि पार्वतीची प्रत्यक्षातली उपस्थिती यांतला ताण पकडलेला आहे. कादंबरी वाचून पाहणाऱ्यांसाठीच ठेवावा. उघड्या मैदानात शंभर माणसांपुढे लावण्याचा हा सिनेमा नव्हे.

आता या चौघांत नसलेला, तरी कोकणाने आपला मानावा असा एक चित्रपट: मुझफ्फर अलींचा ‘गमन’, १९७८. फारूख शेखचा गुलाम उत्तर प्रदेशातून मुंबईला जातो, आधी टॅक्सी धुतो, मग चालवतो, आणि घरी परतण्याइतके पैसे काही गाठीला लागत नाहीत. त्याची बायको खैरून, म्हणजे स्मिता, गावात आजारी सासूपाशी. तिला संवाद अगदी थोडे. जयदेव यांचे संगीत आणि छाया गांगुलींच्या आवाजातली गझल पुष्कळांनी ऐकलेली असते, पण पडद्यावर खैरूनला नुसते दारात उभे राहिलेले पाहणे ही वेगळी गोष्ट. ज्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या पुरुष मुंबईला आणि बायका गावात मनीऑर्डरच्या वाटेकडे डोळे लावून, तिथे हा चित्रपट मे महिन्यात चाकरमानी गावी आलेले असताना लावावा. आमच्या मते कोकणातल्या प्रेक्षकापुढे तिचा याहून नेमका बसणारा सिनेमा नाही.

‘उंबरठा’बद्दल थोडक्यात. तो मराठीत ‘उंबरठा’ आणि हिंदीत ‘सुबह’ असा दोन्ही भाषांत झालेला आहे. प्रत मागवताना मराठीच हवी असे लिहून द्या, नाहीतर ऐन वेळी ‘सुबह’ हातात पडते. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. यातल्या स्मिताच्या सुलभा महाजनचे काम मराठीतच ऐकावे. तिच्या मातृभाषेतले बोलण्याचे चढउतार त्यात आहेत, आणि तेंडुलकरांच्या वाक्यांना ते लागतातच. ‘मिर्च मसाला’, ‘बाजार’, ‘मंडी’ यांच्याविषयी इतरत्र भरपूर लिहिले गेले आहे. ‘नमक हलाल’ किंवा ‘शक्ती’ आवडणाऱ्यांनी ते जरूर पाहावेत, तिथेही ती कामात कसूर करत नाही; पण एका आठवड्याच्या महोत्सवात त्यांना जागा देण्याचे कारण नाही.

प्रत मिळवण्याविषयी. घरी डीव्हीडी आहे म्हणजे सार्वजनिक ठिकाणी दाखवायचा हक्क मिळाला असे होत नाही. कायद्याने चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो. १९७७चा ‘भूमिका’ २०३७ संपेपर्यंत हक्कात आहे. तिकीट लावले नाही तरी परवानगी लागते. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ सालापासूनचे. २०२२ साली ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, म्हणजे एनएफडीसीत विलीन झाले. ‘मिर्च मसाला’ला पैसा एनएफडीसीचाच, म्हणून त्यासाठी तिथेच विचारावे. इतर चित्रपटांसाठी निर्मात्याचे किंवा सध्या हक्क ज्याच्याकडे आहेत त्याचे पत्र घ्यावे. पत्रात ठिकाण, तारीख, खुर्च्यांची संख्या, तिकीट आहे की नाही, कोणत्या स्वरूपातली प्रत हवी, हे पाचही मुद्दे लिहावेत. एवढे लिहिले की उलटसुलट पत्रव्यवहारात जाणारे दिवस वाचतात. निदान दीड-दोन महिने आधी लिहा. प्रमाणपत्र ‘ए’ असेल तर शाळेची मुले आणून बसवू नयेत.

प्रत हाती आली की ती पूर्ण आहे का ते तपासावे. त्याची सोपी रीत अशी. चित्रपटाच्या सुरुवातीला सेन्सॉरचे प्रमाणपत्र दिसते, त्यावर लांबी मीटरमध्ये आणि रिळांची संख्या असते. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट, म्हणजे २७.४ मीटर धावते. मीटरच्या आकड्याला २७.४ने भागा, मिनिटे मिळतील. ‘भूमिका’ १४२ मिनिटांचा, ‘मंथन’ १३४ मिनिटांचा. हातातली प्रत वीस-पंचवीस मिनिटांनी कमी भरली तर गाणी किंवा प्रसंग कापलेले आहेत हे नक्की. मात्र ‘भूमिका’ १३६ मिनिटांचा भरला तर घाबरू नका. पॅल या जुन्या टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडीवर सेकंदाला २४ ऐवजी २५ चित्रे धावतात, म्हणून वेळ चार टक्के घटतो. कापलेले काही नसते. पण त्याच हिशेबाने आवाजही बहुधा जवळजवळ अर्ध्या सुराने वर चढतो. ‘जैत रे जैत’ची गाणी ज्यांच्या कानात बसली आहेत त्यांना ते पहिल्या ओळीतच खटकते. संगणकावरच्या प्लेअरमध्ये वेग ०.९६ केला आणि सूर जपून ठेवण्याचा पर्याय बंद केला तर वेळ आणि पट्टी दोन्ही जागेवर येतात.

प्रत चांगली असली की काय फरक पडतो ते ‘मंथन’वरून कळते. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून केलेला हा चित्रपट फिल्म हेरिटेज फाउंडेशनने दुरुस्त करून घेतला आणि तो २०२४ साली कानच्या महोत्सवात दाखवला गेला. स्मिताच्या बिंदूच्या सावळ्या रंगाची जी छटा निहलानींनी टिपली होती, ती फिकट प्रतीत मातकट दिसते.

पडद्यावर सर्वांत जास्त घोटाळा होतो तो चित्राच्या आकाराचा. यांतल्या बऱ्याच चित्रपटांचे चित्र जवळजवळ चौकोनी, चारास तीनच्या आसपास आहे. आजचे प्रोजेक्टर सोळास नऊचे. कोणीतरी “पडदा भरू दे” म्हणतो, चित्र आडवे ताणले जाते आणि स्मिताचा लांबट, रेखीव चेहरा गोल आणि सुजल्यासारखा दिसतो. झूम करून पडदा भरला तर कपाळ आणि हनुवटी कापली जाते. प्रोजेक्टरच्या सेटिंगमध्ये ४:३ किंवा मूळ आकार निवडावा. १२ फूट रुंद आणि पावणेसात फूट उंच पडद्यावर चित्र ९ फूट रुंद पडेल, दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट काळे राहील. राहू द्यावे. तिथे काळे कापड लावले तर चित्र उठून दिसते. तपासायला गोल वस्तू शोधा: बैलगाडीचे चाक, हंड्याचे तोंड, बांगडी. ती अंडाकृती दिसली की आकार चुकला.

हॉल पूर्ण काळोखा असेल तर ३,००० ते ३,५०० ल्युमेनचा प्रोजेक्टर पुरतो. मात्र भाड्याच्या प्रोजेक्टरचा दिवा किती तास जळलाय ते मेनूत पाहून घ्या. जुन्या दिव्याचा उजेड निम्म्यावर येतो आणि ‘चक्र’मधल्या रात्रीच्या दृश्यांत काहीच दिसत नाही. दीडास एक फेकीचा (म्हणजे चित्राच्या रुंदीच्या दीडपट अंतरावर ठेवायचा) प्रोजेक्टर १२ फुटांच्या पडद्यासाठी १८ फुटांवर लागतो. साधी एचडीएमआय केबल १० मीटरच्या पुढे दगा देते, चित्र मधूनच जाते. त्याहून लांब न्यायची असेल तर फायबरची केबल घ्या, किंवा लॅपटॉपच प्रोजेक्टरजवळ ठेवून फक्त आवाजाची तार पुढे न्या. चित्रपट लॅपटॉपमध्ये उतरवलेला असावा. इंटरनेटवरून चालवण्याचा भरवसा आपल्या भागात धरू नये. लॅपटॉपचे आपोआप झोपणे आणि अपडेट आधीच बंद करावे.

वीज जाणारच, असे धरूनच तयारी ठेवा. प्रोजेक्टर साधारण ३०० वॅट खातो. वाचनालयाच्या इन्व्हर्टरवर निदान तो आणि लॅपटॉप टाका. दिव्याचा प्रोजेक्टर एकदम बंद पडला तर दिवा तापलेला असतो. वीज आल्याबरोबर बटण दाबले की तो पेटत नाही, कधी फुटतोही. दहा मिनिटे थांबावे.

आवाजाचे म्हणाल तर हे सगळे चित्रपट मोनो, म्हणजे एकाच ध्वनिमार्गाचे आहेत. जत्रेतल्या गाण्यांसाठी लावलेले डबे आणून बास चढवला की संवाद घुमतात. बास निम्म्यावर आणा, एको पूर्ण बंद करा, मधली पट्टी (मिड) किंचित वाढवा. दोन स्पीकर पडद्याच्या दोन बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवा. मागे स्पीकर नको. पत्र्याच्या छपराच्या हॉलमध्ये मागच्या भिंतीवर दोन-चार सतरंज्या किंवा घोंगड्या टांगल्या तरी प्रतिध्वनी बराच कमी होतो. किनाऱ्यालगत खाऱ्या हवेने जॅकच्या पिना काळ्या पडतात आणि खरखर येते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने त्या आदल्या दिवशी पुसून ठेवाव्यात. ‘गमन’सारख्या चित्रपटात शांतता हीच अर्धी गोष्ट आहे, तिथे खरखर आली तर काहीच उरत नाही.

तारखांबद्दल. जन्मदिवस ऑक्टोबरात, तेव्हा भातकापणी ऐन जोरात आणि संध्याकाळी गडगडाटासह पावसाची सर ठरलेली. दिवसभर शेतात वाकलेल्या माणसाकडून अडीच तासांच्या ‘भूमिका’ची अपेक्षा करणे बरोबर नाही. डिसेंबरात सिंधुदुर्गात जत्रा आणि दशावतार सुरू असतात; आजूबाजूच्या पाच-सात गावांच्या जत्रांच्या तारखा विचारल्याशिवाय दिवस ठरवू नका, नाहीतर खुर्च्या रिकाम्या राहतील. जानेवारी सर्वांत सोयीचा: हवा कोरडी, काळोख लवकर, पाऊस नाही. मे महिन्यात उघड्यावर दाखवायचे तर साडेसातच्या आधी पडद्यावर चित्र उमटत नाही.

आणि वेळ पाळावी. सहाचा कार्यक्रम दीपप्रज्वलन, सत्कार, प्रास्ताविक करत पावणेसातला सुरू झाला की वस्तीच्या एसटीने जाणारी माणसे, त्यांत बायका अधिक, शेवटची वीस मिनिटे न पाहता उठतात. उषाचे, सुलभाचे किंवा ‘मिर्च मसाला’तल्या सोनबाईचे शेवटी काय झाले ते त्यांनाच कळत नाही. प्रास्ताविक पाच मिनिटांचे असावे. त्यात दिग्दर्शक, साल, मूळ पुस्तक आणि प्रतीबद्दल काही सांगायचे असेल तर तेवढेच. सत्कार मध्यंतरात उरका.

संपादक महोदय, आपल्याला एक विनंती. आपल्या पुरवणीत स्मिता पाटीलच्या चित्रपटांची यादी येईल तेव्हा प्रत्येक नावापुढे साल, दिग्दर्शक, मूळ साहित्यकृती, भाषा आणि मिनिटांतली लांबी छापावी. जागा फार लागत नाही, आणि आरवलीत, मालवणात किंवा चिपळुणात कोणी प्रत मागवायला बसेल तेव्हा त्याला तीच यादी कामी येईल.

आपले,
चित्रपटरसिक वाचक,
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग